सराईच्या माळवदावरचं गवत

जुन्या इमारतीचा फोटो काढताना तुम्ही कधी तिच्या माळवदावर चढून, तिथं अनवाणी चालून पाहिलंय का? मी पाहिलं नव्हतं. मी समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, बांधावर आडवी पडून पाहिलं, लिंबाच्या झाडावर चढून पाहिलं. जे दिसलं त्याच्या प्रेमात पडले आणि त्यावर एक पत्रक लिहिलं. त्या पत्रकानं आमच्या गावची सराई जवळजवळ पाडली. तिशीतल्या बाईनं आत्मकथन लिहू नये, केस पांढरे होऊ द्यावेत, असं मला पुष्कळांनी सांगितलं. पण केस पांढरे झाले की माणूस आपल्या चुकांना अनुभव म्हणू लागतो. माझी चूक मला अजून चूकच दिसते, तोवर लिहून ठेवते.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या सगळ्या वेळात पत्रकं लिहायचे. रेशनच्या दुकानावर, बंद पडलेल्या हातपंपावर, एसटीच्या न येणाऱ्या गाडीवर. परभणीहून गठ्ठे छापून यायचे, पातळ गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे, आणि वाटून उरलेले आमच्या फडताळात राहायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. ‘जाहीर’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता आला. पाठकोऱ्या बाजूवर गणितं करायची, डब्यांच्या खाली तेच कागद अंथरायचे, शेतात भाकरी न्यायची तीही त्यातच गुंडाळून. आई म्हणायची, “तुझ्या बापाच्या कागदात बांधली की भाकरीबी भांडायला लागतीय.” अण्णा हसायचे नाहीत. ते चुलीसमोर बसून मोठ्यानं नवा मसुदा वाचायचे, येसराची आमटी रटरटत असायची, आणि आई मधूनच एखाद्या वाक्यावर “लय लांबलं” एवढंच म्हणायची. आज मी लिहिते तेव्हा कानात तिचंच ते ‘लय लांबलं’ असतं. तेव्हा मात्र माझ्या कानात फक्त अण्णा होते.

आमच्या गावातून ताडकळसच्या बाजाराला पायी जाता येतं. जुनी गाडीवाट जिथून गावात शिरते तिथं ही सराई आहे. किती जुनी, ते कुणाला नक्की माहीत नाही. अण्णा तीनशे वर्षं म्हणायचे, म्हातारी माणसं ‘निजामाच्या आधीची’ म्हणून विषय संपवायची. छातीइतका काळ्या दगडाचा पाया, त्यावर पांढऱ्या मातीच्या, बाजेएवढ्या रुंद भिंती, सागाचे खांब, आणि खांबांच्या रांगांमधले पाच खण. वर सपाट मातीचं छत, आमच्याकडं त्याला माळवद म्हणतात. छतात उजेडासाठी एक भोक, त्याला साणं म्हणतात. त्या साण्यातून उजेडाचा एक खांब खाली उतरायचा आणि दिवसभर जमिनीवरून सरकत जायचा. वाटसरू थांबायचे दिवस केव्हाच गेले होते, पण लग्नात पाहुण्यांचा उतारा तिथंच असायचा आणि रोज दुपारी खुरपणीच्या बाया भाकरी सोडायला तिथंच यायच्या. बाहेर अंगाची लाही होत असली तरी आत पाऊल टाकलं की कुणीतरी ओला पदर तोंडावर टाकल्यासारखं वाटायचं. पारवे घुमत, ठेच्याचा वास दरवळे, आणि बाया कुणाच्या ना कुणाच्या सासूवर बोलत.

कॉलेजच्या मासिकासाठी एक कॅमेरा होता. मी संपादक मंडळात असल्यानं माघाच्या सुट्टीत तो माझ्याकडं आला. ज्वारी निसवून कणसांवर आली होती. दिवस कलताना मी सराईच्या मागच्या बांधावर पडले होते आणि तेव्हा मला ते गवत दिसलं. सगळ्या माळवदावर गुडघाभर गवत वाळून उभं होतं आणि मागून आलेल्या उन्हात ते असं पेटलं होतं की त्या काळ्यापांढऱ्या इमारतीला सोन्याची आयाळ फुटल्यासारखी दिसत होती. भिंतीचे पोपडे, चौकटीला गेलेला तडा, पन्हळीतून खाली लोंबणारी वेल. मी बोटं दुखेपर्यंत फोटो काढले. गवताचा फोटो मासिकात आला, मग फोनवरून फिरला, आणि कुठून कुठं गेला. पुण्याच्या माणसांनी त्याखाली लिहिलं, ‘हे जपा.’ आणखी कुणी लिहिलं, ‘आहे तसंच ठेवा, कृपया रंगरंगोटी नको.’ दर रविवारी परभणीहून, नांदेडहून मोटारसायकली येऊ लागल्या. एका जोडप्यानं तर लग्नाआधीचे फोटो तिथं काढले आणि बायांना जरा बाजूला बसायला सांगितलं. त्यांच्यातली पारूबाई म्हणाली, “आमी बसतो की बाजूला. पर नवरीला म्हणा भाकर खाऊन जा, लय वाळलीय.”

त्याच सुमारास सरपंचांनी सभागृहाचा विषय काढला. निधी आला होता, जागा हवी होती, आणि सराईची जागा मोक्याची होती. सरपंच वाईट माणूस नव्हता, हे आज मी लिहू शकते. तेव्हा मला तो पत्रकातला खलनायक वाटला. एका बैठकीत मी मजकूर लिहून काढला. तीन मागण्या होत्या. पहिली, सराई पाडू नये. दुसरी, तिची वारसा म्हणून नोंद व्हावी. आणि तिसरी, जिच्यावर मला सगळ्यात जास्त गर्व होता: ‘सराईच्या एका दगडालाही, मातीच्या एका कणालाही कुणीही हात लावू नये. ती आहे तशीच राहिली पाहिजे.’ अण्णांनी वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्या मसुद्यात काही खोडलं नाही. पत्रक पिवळ्या कागदावर निघालं, वर गवताचा फोटो. ग्रामसभेत सरपंचांनी वाद घातला नाही. “पोरगी म्हणती तसं शब्दान् शब्द ठरावात घ्या,” ते ग्रामसेवकाला म्हणाले. मी जिंकले होते. गावानं माझं वाक्य कायदा म्हणून स्वीकारलं होतं.

चैत्र संपता संपता केरबामामाची बैलगाडी सराईपुढं उभी राहिली. केरबामामा माझ्या आईच्या गावातल्याच माहेरचा, नात्यानं लांबचा, पण मी चालायला शिकले ती त्याच्या अंगणात. गाडीत पडक्या गढीच्या टेकाडावरची पांढरी माती काठोकाठ भरली होती. मी पळत गेले.

“मामा, माती कामून आणली?”

“कामून म्हंजी? माळवद करायचंय. गेल्या साली पाय मोडून पडलो, माती पडलीच न्हाई. यंदा दुप्पट घालावी लागतीय.” तो कासरा बांधत होता. “तू उगं उभी राहू नको, घमेलं धर.”

“आणि वरचं गवत?”

“ते आधी उपटायचं. तेच तर लय माजलंय.”

मी त्याला ठराव झाल्याचं सांगितलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून पिवळा कागद काढून वाचून दाखवला. त्यानं तिसरी मागणी मला दोनदा वाचायला लावली.

“कुणीही म्हंजी?”

“कुणीही म्हणजे कुणीच नाही, मामा.”

“म्हंजी मीबी त्यात आलो.”

त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. मी म्हणाले, “तुमच्याबद्दल नाही ते. पण नियम सगळ्यांना सारखा पाहिजे.” हे वाक्य माझं नव्हतं. अण्णांच्या कितीतरी पत्रकांत ते होतं आणि तिथं ते खरंही होतं. केरबामामानं बैलाच्या पाठीवर हात फिरवला, गाडी लिंबाखाली नेली, माती तिथंच ओतली. माझ्याकडं न बघता म्हणाला, “बरं हाय, बाई. तुमी शिकलेल्या. तुमी म्हणता तसं.” जन्मापासून मी त्याची ‘सुमे’ होते. गाडी वळून गेल्यावर बराच वेळ मी त्या ‘तुमी’समोर उभी होते.

घरी आई अंबाडीची भाजी घोटत होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. “केरबाला परत लावून दिलंस?” तिनं विचारलं. मी ठराव, तत्त्व, मूळ स्वरूप असं बरंच बोलले. तिनं रवी थांबवली नाही. “त्याच्या आज्यानंबी तिथं माती घातली, बापानंबी घातली. तू ज्याला मूळ म्हणायलीस ना, ते दर साली नवं केलेलं हाय. जेव आता.” मी जेवले नाही. आता वाटतं, निदान जेवायला हवं होतं. ती भाजी चांगली झाली असणार.

वैशाखात गारपीट झाली. दोन दिवस लागोपाठ, दुपारी, आभाळ काळं होऊन. पहिल्या दिवशी सराईत तिसऱ्या खणाखाली गळायला लागलं म्हणून बाया सरकून पहिल्या खणात बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या तिथंच, पहिल्याच खणात होत्या, आणि त्यामुळंच आज मी हे लिहू शकते आहे. मी घरात होते. आवाज आला तो मोठा नव्हता, कुणीतरी धान्याचं भरलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. मग पारव्यांचा सगळा थवा पावसातच वर उठला.

पळत गेले तर तिसरा खण खाली आला होता. तुळई मोडून आडवी, किलच्यांचा, म्हणजे छतातल्या लाकडी पट्ट्यांचा ढीग, त्यावर ओल्या मातीची भली मोठी ढेकळं, आणि ढेकळांवर माझं गवत. तेच, सोन्याचं, आता चिखलात चपटलेलं. पारूबाई लेकराला पोटाशी धरून पहिल्या खणात भिंतीला टेकली होती. ती मला पाहून म्हणाली, “डबा दबला गं माझा त्यात.” डब्याचंच बोलत होती, पण तिचे दात एकमेकांवर आपटत होते. केरबामामा आला. वाकून त्यानं गवताचा एक थोंब उपटला, माती झटकली आणि माझ्यापुढं धरला. मुळं माझ्या कोपरापर्यंत लांब होती.

“बघा, बाई. ह्या मुळाबरोबर पाणी खाली उतरतंय. मूळ वाळलं की तिथं भोक राहतंय. उंदीर तीच वाट मोठी करतोय.” थोंब त्यानं माझ्या हातात दिला. “वरून लय झाक दिसतंय, ते खरंय.”

ज्या सौंदर्याचा फोटो मी गावोगाव पाठवला होता ते एका वर्षाच्या आजारपणाचं लक्षण होतं. माणसाचा पाय मोडला, म्हणून गवत उगवलं. आणि मी त्या आजाराला ठरावाचं संरक्षण दिलं होतं.

सरपंच दुसऱ्या दिवशी आले, पडलेला खण पाहिला, डोकं खाजवलं. “आता मला धोकादायक म्हणून लिवावं लागंल,” ते म्हणाले. “लेकरंबाळं बसत्यात हितं. मृगाच्या आत वरचं नीट झालं तर बघू. न्हाईतर जेसीबी बोलवतो, मग माझ्यावर पत्रक काढू नका.” त्यांच्या बोलण्यात टोमणा होता, पण मुदतही होती. मृगाला तीन आठवडे होते.

त्या संध्याकाळी अण्णा मसुदा घेऊन बसले. ‘प्रशासनाची अक्षम्य हेळसांड’ असा मथळा होता. त्यांनी नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी म्हणाले, “अण्णा, प्रशासनानं काही केलं नाही. हात लावू नका असं मी लिहिलं.”

“भावना योग्य होती तुझी.”

“केरबामामा माती घेऊन उभा होता. मी परत पाठवला.”

“तसं छापून द्यायचं नसतं, सुमन. आपली चूक आपण छापली की उद्या आपलं खरंही लोक हसण्यावारी नेतात. मी तीस वर्षं लिहितोय. एकदाही...” ते थांबले. आई चुलीपुढून म्हणाली, “एकदाही चुकला न्हाईत का एकदाही छापलं न्हाई?” अण्णा उठून ओट्यावर जाऊन बसले. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली होती. आज फक्त माया वाटते. ते घाबरले होते, आणि ज्याच्या जोरावर ते आयुष्यभर ताठ उभे राहिले त्यावरच मी बोट ठेवत होते.

मी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. चारच ओळी. तिसरी मागणी मागं घेते. ती माझी चूक होती. सराई उभी आहे ती दर वर्षी तिला हात लागतो म्हणून, आणि तो हात मी अडवला. जाणकार कारागिराच्या सांगण्यानुसार मृगाच्या आत माळवद करायचं आहे, टोपलं घेऊन या. सकाळी उठले तर कागद अण्णांच्या हातात होता. लाल पेन उघडं. त्यांनी ‘जाणकार कारागिराच्या’ हे दोन शब्द खोडले होते आणि वर लिहिलं होतं, ‘केरबामामाच्या’.

“माणसाचं नाव घे,” एवढंच म्हणाले. आणि छापून आलेला गठ्ठा सायकलला बांधून स्वतः गावभर वाटला, ताडकळसच्या बाजारातसुद्धा. कुणी हसलं की थांबून म्हणायचे, “पूर्ण वाचा. खाली टोपल्याचं लिहिलंय.”

केरबामामाला मी त्याच्या अंगणात वाचून दाखवलं. तो बाजेवर बसून दोरासाठी वाख वळत होता. त्यानं हेही दोनदा वाचायला लावलं. आपलं नाव आलं तिथं हात थांबला, मग पुन्हा वळू लागला. “उद्या उन्हं व्हायच्या आत ये,” तो म्हणाला. “आन् चपला घरी ठेव.” अर्ध्या वाटेवर आल्यावर माझ्या ध्यानात आलं की तो ‘या’ नव्हे, ‘ये’ म्हणाला होता.

माळवदावर त्यानं मला डोळे मिटायला लावले. “आता टाच टाकत चाल. हळू. ऐक.” मी चालले. ठप, ठप, ठप, आणि मग एका जागी ‘ठप’ऐवजी मडक्यावर टिचकी मारावी तसा आवाज. “थांब. ते पोकळ. राख टाक तिथं.” उन्हं वर येईतो सगळ्या माळवदावर राखेच्या खुणा झाल्या होत्या आणि माझ्या टाचा भाजून निघाल्या होत्या. कॅमेऱ्यातून मी ह्या छताकडं किती तास पाहिलं असेल, त्यातलं काहीच मला दिसलं नव्हतं. ते दिसायचं नव्हतंच. ऐकायचं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही चौघं होतो: मामा, मी, आई आणि पारूबाई, जिनं आल्याआल्या सांगितलं की ती डब्यासाठी आलीय. डबा सापडला, चेपलेला, तरी ती दुसऱ्या दिवशीही आली. मग तिच्यासोबतच्या बाया आल्या, शाळेतली मास्तर मंडळी आली. गवत मुळासकट उपटलं. भोकांत दगडाच्या चिपा आणि चिखल ठासला. लिंबाखालची ती माती, जी मी परत पाठवली होती, चाळून डोक्यावरून वर नेली, पन्हळीकडं उतार देत अंथरली आणि लाकडी चोपण्यांनी चोपली. चोपण्यांचा तो आवाज दिवसभर गावभर घुमायचा. एकदा सरपंच येऊन खाली उभे राहिले, वर बघत. केरबामामा वरूनच म्हणाला, “सरपंच, बघायला पैसे पडत न्हाईत, पर टोपलं हातात घेतलं तर उन्ह कमी लागतंय.” त्यांनी घेतलं. दोन खेपा केल्या, मोजून दोन, आणि नंतर सगळ्यांना तेच सांगत फिरले.

तिसरा खण मात्र परत उभा राहिला नाही. तेवढं जाड सागवान आता कुठं मिळायचं. आम्ही दोन्ही बाजूंनी भिंत घेतली आणि तो उघडाच ठेवला. चार खण राहिले. तो रिकामा खण माझा आहे, असं मी मानते. कुणी विचारलं तर सांगते.

मृग लागला त्या दुपारी मी आणि केरबामामा आत उभे होतो. साण्यावर घमेलं पालथं घातलं होतं, त्यावर थेंबांचा ताशा चालला होता. मामा प्रत्येक तुळईखाली जाऊन मान वर करून थांबायचा, मग पुढच्या. मी त्याच्या मागं, माझी मान त्याच्याबरोबर वर. टोकाच्या खणाच्या शेवटच्या तुळईखाली त्यानं भिंतीला तळवा लावला, तो तळवा आपल्या गालाला लावला. कोरडा होता.

“हां,” तो म्हणाला. “आता काढ फोटो.”

कॅमेरा मी कधीच कॉलेजात परत दिला होता. हे ऐकून तो इतका हसला की पारवे हलले.

जेसीबी आला नाही. सभागृह शाळेमागं झालं. गवताचा तो फोटो अजून फिरतो. मागच्याच महिन्यात तो मला एका अनोळखी माणसाकडून आला, खाली लिहिलेलं, ‘गावाकडचं हे साधं सौंदर्य आपण हरवत चाललोय.’ मी त्याला उत्तर लिहिलं, ते फार लांबलं. आई आज असती तर तिनं तसं सांगितलंच असतं. केरबामामा आता शिडी चढत नाही. दर वैशाखात तो खाली, आतल्या अंधाऱ्या खणात पोत्यावर बसतो आणि आम्ही वर चालतो. खालून त्याचा आवाज येतो, “तिथं, सुमे. मागं ये. हां, तिथं पोकळ हाय.”

तर तुमच्या फोनमध्ये तो फोटो असेल, तर पुढं पाठवण्याआधी त्याखाली एक नाव लिहा: केरबामामा. तुमच्या गावच्या जुन्या इमारतीचा फोटो काढाल, तर आधी तिथं दर वर्षी कुणाचा हात लागतो ते विचारा आणि त्या माणसाचं नाव लिहा. आणि येत्या वैशाखात आमच्याकडं या. एक टोपलं आणा. चपला पायरीशीच काढा, आणि वर गेल्यावर हळू चाला, खाली बसलेल्या माणसाला ऐकू यायला हवं.